हाड जुळलं, पण कॅल्शियम कुठून आलं? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

उत्तर द्यायला आठवडा लागला, कारण तुम्ही ज्या दोन चाचण्यांचा उल्लेख केलात त्या मला आधी नीट वाचायच्या होत्या. इतर वाचकांसाठी तुमची प्रतिक्रिया थोडक्यात सांगतो. तरुणांमधली व्हिटॅमिन डीची कमतरता आणि फ्रॅक्चर या माझ्या लेखावर तुम्ही तीन आक्षेप घेतलेत. डी वाढलं आणि मग माझं नडगीचं हाड जुळलं, यावरून ते डीमुळे जुळलं असं ठरत नाही. फ्रॅक्चरच्या रुग्णांना डी देऊन केलेल्या चाचण्यांत फरक दिसलेला नाही, आणि ते मी सांगितलं नाही. असे लेख वाचून धडधाकट मुलं विनाकारण रक्त तपासत सुटतात. आणि शेवटी, ‘हाड जुळतं ते स्थिरतेमुळे आणि रक्तपुरवठ्यामुळे, गोळीमुळे नाही,’ असं तुम्ही लिहिलंत.

पहिला आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. इतका, की लेखात जे लिहिलं नव्हतं तेही आता सांगतो. अपघातानंतर नडगीत रॉड घातला होता. चौथ्या महिन्यातही एक्स-रेमध्ये पुढच्या बाजूला नवीन हाडाचा पत्ता नव्हता. तेव्हा रक्त तपासलं, डी दर मिलिलिटरला ९ नॅनोग्रॅम, म्हणजे बरंच कमी निघालं आणि औषध सुरू झालं. हे मी लिहिलं. पण त्याच महिन्यात डॉक्टरांनी रॉडचा एक स्क्रू काढला होता, म्हणजे चालताना फ्रॅक्चरच्या टोकांवर दाब यावा. त्याच महिन्यात मी सिगारेटही सोडली. तंबाखूमुळे हाड जुळायला उशीर होतो याचा पुरावा डीच्या पुराव्यापेक्षा कितीतरी भक्कम आहे. तीन गोष्टी एकाच वेळी बदलल्या आणि मी श्रेय एकीलाच दिलं. सिगारेटचं लिहायची लाज वाटली, हे त्याचं खरं कारण. पण माझ्या लाजेपायी एखाद्या वाचकाने गोळी घेत सिगारेट चालू ठेवली असेल, तर ती चूक साधी नाही.

दुसऱ्या आक्षेपावर मात्र थोडं थांबायला हवं.

आधी त्या चाचण्या काय होत्या ते पाहू. २०१७ च्या चाचणीत डी कमी असलेले, लांब हाडांच्या फ्रॅक्चरचे सुमारे शंभर रुग्ण होते. निम्म्यांना एकदाच १ लाख युनिटचा डोस दिला, निम्म्यांना नकली औषध. दोन्ही गटांत हाड न जुळलेले रुग्ण अगदी मोजके, आणि फरक शून्य. दुसरी चाचणी १८ ते ५० वयाच्या, नडगी किंवा मांडीच्या हाडात रॉड घातलेल्या शंभरेक जणांची. त्यांचे चार गट केले होते: सुरुवातीला आणि सहा आठवड्यांनी दीड लाख युनिट, रोज ४,००० युनिट, रोज ६०० युनिट, आणि नकली औषध. तीन महिन्यांनी पाहिलं तेव्हा जास्त डोस आणि कमी डोस यांत ठोस फरक सापडला नाही. ही चाचणी नेमकी तरुणांवरची होती, आणि मी तिचा उल्लेखच केला नव्हता. तो करायलाच हवा होता.

आता थोडं गणित. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या विम्याच्या नोंदींवरून ३,०९,३३० फ्रॅक्चरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात हाड न जुळण्याचं प्रमाण ४.९ टक्के होतं. म्हणजे पन्नास माणसांच्या गटात असे दोन-तीन रुग्ण निघणार. समजा, डीमुळे हे प्रमाण खरोखर निम्म्यावर येत असेल, तरी तो फरक खात्रीने पकडायला प्रत्येक गटात साधारण नऊशे माणसं लागतील. पन्नास-पन्नासच्या चाचणीत तो दिसला नाही, यावरून तो नाही असं म्हणता येत नाही. आहे असंही म्हणता येत नाही, हे मला कळतं. पण ‘सिद्ध झालं नाही’ आणि ‘नाही हे सिद्ध झालं’ यांतलं अंतर तुमच्या प्रतिक्रियेत पुसलं गेलं होतं.

हीच कसोटी मी स्वतःच्या लेखाला लावली, तेव्हा तुमच्या नजरेतून सुटलेली एक चूक सापडली. ‘हाड न जुळलेल्या ६८ टक्के रुग्णांत डी कमी असतं,’ असं मी लिहिलं होतं. हा आकडा २००७ च्या एका अभ्यासातला आहे. त्या डॉक्टरांकडे हाड न जुळलेले ६८३ रुग्ण आले होते. त्यांतले ज्यांच्यात शस्त्रक्रियेचा दोष दिसत नव्हता किंवा ज्यांची हाडं किरकोळ इजेने वारंवार मोडली होती, असे ३७ जण निवडून पुढच्या तपासणीला पाठवले. त्यांपैकी ३१ जणांमध्ये चयापचयाचा किंवा संप्रेरकांचा काही ना काही दोष निघाला आणि २५ जणांमध्ये डी कमी. २५ भागिले ३७, म्हणून ६८ टक्के. मुद्दाम निवडलेल्या ३७ जणांचा आकडा मी सगळ्यांच्या माथी मारला. तुलनेला निरोगी गटही त्यात नव्हता. शिवाय मोठी इजा झाल्यावर शरीरात सूज असते आणि त्या काळात रक्तातलं डी आपोआप खाली येतं. त्यामुळे अपघातानंतर लगेच घेतलेल्या रक्तातला कमी आकडा हा कधी कधी फ्रॅक्चरचा परिणाम असतो, कारण नसतो.

आता ‘गोळीमुळे नाही’ या तुमच्या शेवटच्या वाक्याकडे येतो. खरं तर त्याच्यासाठीच एवढं लांब उत्तर लिहितोय.

डी हाड बांधत नाही, हे बरोबरच आहे. त्याचं मुख्य काम आतड्यात चालतं. डी पुरेसं असेल तर अन्नातलं ३० ते ४० टक्के कॅल्शियम शोषलं जातं, नसेल तर जेमतेम १० ते १५ टक्के. याची सुंदर साक्ष उंदरांच्या प्रयोगांत मिळते. ज्या उंदरांत डीचा संदेश घेणारा रिसेप्टरच नाही, त्यांची हाडं मऊ आणि वाकडी होतात. पण त्याच उंदरांना लहानपणापासून भरपूर कॅल्शियम, फॉस्फरस आणि लॅक्टोज (दुधातली साखर) असलेला आहार दिला, तर हाडं जवळपास नेहमीसारखी घडतात. म्हणजे हाडाला डी हवं असतं ते बहुतांशी पुरवठ्यासाठी.

मग पुरवठा कमी पडला तर फ्रॅक्चर जुळायचं थांबतं का? बहुतेक वेळा नाही. रक्तातलं कॅल्शियम घसरू लागलं की पॅराथायरॉइड ग्रंथी जागी होते आणि बाकीच्या सांगाड्यातून कॅल्शियम काढून आणते. फ्रॅक्चरभोवतीचं नवं हाड त्यातून भरत राहतं. एक्स-रेमध्ये रेष पुसट होते, रुग्ण बरा झाला असं आपण म्हणतो. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात संशोधकांनी हे उंदरांत तपासलं. हाडं आधीच ठिसूळ झालेल्या उंदरांत कॅल्शियम आणि डी कमी पडल्यावर फ्रॅक्चर जुळण्यात किरकोळ अडथळा आला, पण न मोडलेल्या हाडांची झीज मात्र वाढली. उंदरांचा निष्कर्ष तरुण माणसाला जसाच्या तसा लागू होत नाही, हे ध्यानात ठेवूनही मला तो महत्त्वाचा वाटतो. तुम्ही सांगितलेल्या दोन्ही चाचण्यांचा मुख्य प्रश्न ‘मोडलेलं हाड जुळलं का?’ हा होता. त्यासाठी बाकीच्या सांगाड्याने काय दिलं, हा प्रश्नच वेगळा आहे. आणि तो तरुणांच्या बाबतीत विचारायला हवा, कारण हाडांची शिल्लक साधारण तिशीपर्यंतच वाढते. कुबड्यांवर चार-पाच महिने काढलेल्या पायातलं हाड हालचाल नसल्याने तसंही विरळ होतं. त्यात डी ९ असताना वर्षभर काहीच न करणं मला पटत नाही. हाड लवकर जुळेल म्हणून नव्हे, तर कमतरता ही कमतरता आहे म्हणून ती भरून काढायची. तुम्ही स्थिरता म्हणता, रक्तपुरवठा म्हणता, त्यांच्या जागी डीला बसवायची माझी इच्छा नाही. जंतुसंसर्ग असेल किंवा रॉड सैल असेल, तर कितीही डी दिलं तरी काही होणार नाही.

तरुणांवरची एक मोठी चाचणी आहे, पण तिचा प्रश्न वेगळा होता. अमेरिकी नौदलात भरती झालेल्या ५,२०१ तरुणींपैकी निम्म्यांना आठ आठवडे रोज २,००० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि ८०० युनिट डी दिलं. त्यांच्यात हाडांवरच्या सततच्या शारीरिक ताणामुळे होणारी फ्रॅक्चर २० टक्क्यांनी कमी झाली. दोन्ही एकत्र दिल्यामुळे श्रेय कुणाचं ते वेगळं काढता येत नाही, आणि ही बाब प्रतिबंधाची आहे, जुळण्याची नाही.

तिसऱ्या आक्षेपाबद्दल तुमचं म्हणणं बरोबर आहे आणि माझी माहिती जुनी होती. रक्तातलं डी ३० नॅनोग्रॅमच्या खाली असेल तर ते अपुरं, अशी सीमारेषा मी दिली होती, ती एंडोक्राइन सोसायटी या संप्रेरकतज्ज्ञांच्या संस्थेच्या २०११ च्या शिफारशींतली. २०२४ मध्ये त्यांनीच ती मागे घेतली आणि निरोगी प्रौढांची सरसकट तपासणी करू नका असंही सांगितलं. ज्याचं फ्रॅक्चर वेळेत जुळत नाही आणि कारण सापडत नाही, जो साध्या घसरण्याने हाड मोडून आला, ज्याला आतड्याचा आजार आहे किंवा जो वर्षानुवर्षं फिटची औषधं घेतोय, त्याची तपासणी मात्र व्हावी.

लेखाखाली आणखी एका वाचकाने विचारलं होतं, ‘आठवड्याचा डोस रोज घेतला तर लवकर बरं वाटेल का?’ तो प्रश्न वाचून मला झोप लागली नाही. कृपया असं करू नका. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सत्तरी ओलांडलेल्या २,२५६ स्त्रियांपैकी निम्म्यांना वर्षातून एकदा ५ लाख युनिट डी दिलं होतं. त्या गटात पडण्याचं आणि फ्रॅक्चरचंही प्रमाण वाढलं. अति डीने रक्तातलं कॅल्शियम चढतं. मग उलट्या होतात, सतत तहान लागते, मूत्रपिंडं बिघडतात. डोस डॉक्टरांनी ठरवायचा आणि साधारण तीन महिन्यांनी रक्त पुन्हा तपासायचं.

मूळ लेखातलं ‘डीमुळे माझं हाड जुळलं’ हे वाक्य काढलंय. त्या जागी स्क्रू आणि सिगारेट दोन्ही आलेत. ६८ टक्क्यांच्या पुढे ३७ रुग्ण लिहिलेत, ३० ची सीमारेषा काढलीय आणि तुम्ही सांगितलेल्या दोन्ही चाचण्या जोडल्यात. तुम्ही ऑर्थोपेडिक्समध्ये रेसिडेंट आहात असं लिहिलंत, म्हणून एक विचारतो: हाड जुळायला उशीर झालेला पंचविशीतला मुलगा तुमच्या ओपीडीत येतो, तेव्हा एक्स-रेशिवाय आणखी काय पाहिलं जातं? तुम्ही सविस्तर लिहिलंत, तर ते या लेखाला जोडायला मला आवडेल.