शालू राहिला, पदं गेली

सांगलीची मावशी उन्हाळ्यात आमच्याकडे म्युनिकला आली, ती घरचा वाद बरोबर घेऊनच. संगीत नाटक जुन्या थाटातच व्हावं की नव्या पिढीसाठी बदलावं? तिचं मत ठाम: रंगवलेले पडदे आणि भरजरी शालू गेले की नाटकच गेलं. म्हणून मी तिला इटालियन संगीतकार व्हेर्दीच्या 'ला त्राव्हियाता' या ऑपेराचं चित्रीकरण दाखवलं. २००५ चा ऑस्ट्रियातला साल्झबर्ग महोत्सव, दिग्दर्शक विली डेकर.

पॅरिसच्या श्रीमंती वर्तुळातली गणिका व्हायोलेटा, पण रंगमंचावर झुंबर नाही, पलंग नाही. गोलाकार पांढरी भिंत, एक भलंमोठं घड्याळ, आणि आखूड लाल झग्यात व्हायोलेटा झालेली गायिका आना नेत्रेब्को. घड्याळापाशी एक म्हातारा सुरुवातीपासून गप्प बसलेला. तो डॉक्टर. संहितेत त्याचं खरं काम शेवटच्या अंकात, क्षयाने आजारी व्हायोलेटाला आता काही तासच उरलेत हे सांगण्याचं. डेकर त्याला आधीपासूनच आणून बसवतो. मावशी पाच मिनिटांत म्हणाली, "अगं, हा तर यम बसलाय."

दुसऱ्या अंकात सगळ्या सोफ्यांवर फुलाफुलांच्या चादरी, व्हायोलेटा आणि तिचा प्रियकर, दोघांच्या अंगावर तशाच कापडाचे झगे. प्रियकराचा बाप येऊन तिला त्याला सोडून जायला सांगतो आणि तिचं सुख मोडतं, तशी ती फुलंही उतरतात. इथे मावशी गप्प झाली.

इकडेही असल्या प्रयोगांवर कडाक्याची भांडणं होतात, दिग्दर्शकाची हुर्यो उडवतात. गायकांना गुदमरवून टाकणारे प्रयोग मीही पाहिलेत. पण व्हेर्दीला हे नाटक स्वतःच्या काळच्या कपड्यांतच हवं होतं. १८५३ मध्ये व्हेनिसला त्याचा काळ जबरदस्तीने दीडशे वर्षं मागे ढकलला गेला. आणि डेकरने सगळं बदललं तरी सूर व्हेर्दीचेच आहेत.

आपण नेमकं उलटं करतो, हे मला फार लागतं. किर्लोस्करांच्या 'सौभद्रा'त शंभरावर पदं. रात्रभर बसणारा प्रेक्षक आज नाही, मान्य. पण वेळ वाचवायचा म्हटलं की कात्री पदांवर चालते. पगडी, शालू, महिरप जिथल्या तिथे. जे किर्लोस्करांनी रचलं ते जातं, आणि जे कपडेपटातून आलं ते परंपरा म्हणून उरतं.

चित्रीकरणाबद्दल माझी तक्रार आहे. कॅमेरा नेत्रेब्कोच्या चेहऱ्याला इतका चिकटतो की तिच्याभोवतीची ओसाड जागा हरवते, आणि डेकरच्या मांडणीचा प्राण त्या जागेतच आहे. तरी दम लागलेला तो चेहरा शेवटच्या रांगेतून मला कधीच दिसला नसता. आपल्या नाटकांची जी रेकॉर्डिंग्ज माझ्यापर्यंत पोचली, त्यांत बहुधा एकच कॅमेरा मागे उभा. ऑर्गनचा आवाज गायकाच्या अंगावर चढलेला. एवढ्या तयारीच्या गळ्यांची ही आबाळ बघवत नाही.

मावशी परत गेली. शालूवरून फोनवर अजून भांडतो. पण मागच्या रविवारी तिने 'शारदा' नाटकातली पदं ओळीने म्हणायला घेतली, प्रयोगात हल्ली गाळतात तीसुद्धा, आणि मी इकडे ती उतरवून घेत बसले.