बॉनेटखाली वॉशर घालून इंजिन थंड होत नाही

जळगावच्या माझ्या मेव्हण्याने गाडीच्या बॉनेटची मागची बाजू वॉशर घालून उचलून घेतलीय. कारण काय, तर दर उन्हाळ्यात फिरणारा तो व्हिडिओ. बिजागरीच्या बोल्टखाली वॉशर घाला, काचेजवळ फट ठेवा, इंजिनची गरम हवा तिथून निघून जाईल. जोडीला थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापल्यावर रेडिएटरकडची वाट उघडणारा वॉल्व्ह, काढून टाका, रेडिएटरचा फॅन सेन्सर वगळून डायरेक्ट करा, कूलंटऐवजी साधं पाणी भरा. "दाजी, काही खर्चच नाही," असं तो मला सांगत होता. त्या गाडीत त्याची लहान मुलं बसतात, म्हणून हे लिहायला बसलोय.

आधी ती फट. गरम हवा वर जाते हे खरं. गाडी सिग्नलला उभी असली की फटीवर धरलेल्या हाताला झळ लागते, आणि व्हिडिओवाला तेवढंच दाखवतो. गाडी पळायला लागली की गणित उलटं होतं. समोरचा वारा बॉनेटवरून येऊन काचेच्या पायथ्याशी अडतो, तिथे हवेचा दाब वाढतो. मग फटीतून हवा बाहेर पडत नाही, आत घुसते. यात वादाला जागाच नाही. शेव्हरोलेने १९७० च्या शेव्हेल एसएस गाडीला बॉनेटवर काचेकडे तोंड करून एक झडप दिली होती, 'काउल इंडक्शन' नावाची. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला की ती उघडायची आणि काचेपाशी दाबाखाली असलेली हवा इंजिनला मिळायची. अमेरिकेतल्या नॅसकार शर्यतीच्या गाड्यांनीही वर्षानुवर्षं इंजिनसाठी हवा तिथूनच घेतली. जी जागा हवा आत घ्यायला निवडली गेली, तिथून वेगात असताना गरम हवा बाहेर कशी जाईल?

उलट तोटाच होतो. हवा पुढच्या जाळीतून शिरते, एसीचा कंडेन्सर आणि त्यामागचा रेडिएटर ओलांडते आणि इंजिनच्या खालून निघून जाते. ती वाहते दोन बाजूंच्या दाबातल्या फरकामुळे. मागून बॉनेटखाली हवा कोंबली की तो फरक कमी होतो आणि रेडिएटरमधून जाणारी हवाही घटते.

पण मला खरी भीती वेगळ्याच गोष्टीची आहे. केबिनमध्ये बाहेरची हवा घेणारी जाळी त्याच काचेखाली असते. म्हणूनच बहुतेक गाड्यांत बॉनेटच्या मागच्या कडेखाली आडवी रबरी पट्टी असते, इंजिनकडची हवा त्या जाळीपर्यंत जाऊ नये म्हणून. मेव्हण्याच्या गाडीत त्या रबरावर पूर्वी पत्रा टेकायचा तिथे अजून स्वच्छ रेघ आहे, बाकी सगळी धूळ. बॉनेट बंद केल्यावर तिथून माझं बोट सहज आत गेलं. इंजिन चालू ठेवून एसी बाहेरच्या हवेवर केला, तर आत तापलेल्या ऑइलचा वास आला. ऑइलचा निदान वास तरी येतो. उद्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डचं, म्हणजे इंजिनमधून धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांचं, गॅस्केट गळायला लागलं, तर त्याच वाटेने विषारी कार्बन मोनॉक्साइड येईल, आणि त्याला ना वास ना रंग. मागच्या सीटवर झोपलेल्या पोराला काय होतंय हे पुढच्यांना कळणारही नाही.

शिवाय वॉशर वाढले की बोल्टचे तेवढे आटे कमी धरतात. समोरून धडक बसली तर बॉनेटने मधोमध दुमडायचं आणि बिजागऱ्यांनी त्याला काचेकडे येण्यापासून रोखायचं, अशी रचना असते. तिथेच सैलपणा आणायचा?

थर्मोस्टॅटबद्दल एवढं मान्य करतो की तो बंद अवस्थेत अडकला तर गाडी उकळते, आणि आडरस्त्यात तो काढून गॅरेजपर्यंत पोहोचलेले लोक आहेत. पण कायमचा काढायचा नाही, नवा टाकायचा. साधारण ८२ ते ९० अंशांच्या दरम्यान उघडणारा हा वॉल्व्ह नसेल तर इंजिन तापायला वेळ लागतो, पेट्रोल जास्त जातं, झीज वाढते. काही इंजिनांत तर तो उघडताना बायपासची, म्हणजे रेडिएटर टाळून जाणारी, वाटही बंद करतो. तो काढला की गरम पाणी रेडिएटरला न जाता तिथल्या तिथे फिरतं आणि गाडी आणखी तापते.

साधं पाणी कूलंटपेक्षा जास्त उष्णता वाहून नेतं, हेही खरं. पण ते लवकर उकळतं, आतून गंज धरतं, आणि बोअरचं असेल तर क्षार साचून रेडिएटरच्या नळ्या बुजतात. फॅन डायरेक्ट करायचा तो फक्त सेन्सर गेलाय आणि गॅरेज गाठायचंय तेव्हा, तोही फ्यूज आणि रिले घालून.

गाडी खरंच गरम होत असेल तर आधी कंडेन्सर आणि रेडिएटरच्या मधली फट टॉर्च लावून बघा. चिखल, किडे, वाळका पाला तिथेच अडकतो आणि पुढून दिसत नाही. इंजिन पूर्ण गार झाल्यावर कमी दाबाच्या पाण्याने, मागून पुढे धुवा. प्रेशरवॉशर जवळ धरलात तर पातळ पात्या आडव्या होतात. मग कूलंटची पातळी, रेडिएटरचं झाकण आणि फॅन वेळेवर लागतो का ते तपासा. वॉशर घालून बसला असाल तर काढा. बिजागरीच्या मूळ जागेचा ठसा रंगावर दिसतो, त्यावरच ती बसवा आणि बोल्ट नीट आवळून घ्या.