मीटर काय टॉवेल वाळवायला बसवलं का बे?

सकाळी साडेनऊ, नागपूर स्टेशन. सोबत आई, तिचा दुखरा गुडघा आणि मुंबईच्या मावशीनं गळ्यात मारलेली लोणच्याची बरणी. जायचं मानेवाड्याला. सहा-सात किलोमीटर असेल.

"तीनशे."

ऑटोवाल्याला मीटरनं चला म्हटलं तर म्हणते, "मीटर खराब हाय भाऊ." खराब कायचं! त्याच्यावर ओला टॉवेल वाळत होता. दुसऱ्याकडं गेलो. "तो तीनशे बोलला ना? मंग तीनशेच." तिसऱ्यानं तर तोंडही उघडलं नाही, तीन बोटं दाखवली. 2017 मध्ये सरकारनं ऑटोच्या परमिटच्या संख्येवरची मर्यादा उठवली तेव्हा मीच घरी भाषण दिलं होतं, आता ऑटो वाढतील, स्पर्धा होईल, भाव पडतील. ऑटो वाढले. रांग लांब झाली. भाव तीन बोटं.

मग तोऱ्यात ऑटो बुक करायचं ॲप काढलं. 180 रुपये. वा! पहिल्याचा फोन, "कुठं जाचं हाय?" अरे बाप्पा, लिहून आहे ना तिथं! "कॅश का ऑनलाइन?" ऑनलाइन म्हटलं तशी शांतता. मग एकदम गोड आवाज, "भाऊ, तुमीच कॅन्सल करून टाका ना." मी काऊन करू? ॲपवाल्या गाड्यांसाठी केंद्राच्या 2025 च्या नियमावलीत विनाकारण कॅन्सल केलं तर भाड्याच्या 10 टक्के, जास्तीत जास्त 100 रुपये दंड आहे. म्हणून हा करत नाही, मलाच करायला लावते! त्याच कागदात गर्दीच्या वेळी मूळ भाड्याच्या दुप्पट घ्यायची सोय आहे, ती मात्र सगळ्यांच्या तोंडपाठ. मीही हट्टाला पेटलो, करत नाही म्हटलं. नकाशावर त्याची गाडी बारा मिनिटं एकाच जागी. आई बरणीवर बसली.

शेवटी मीच केलं.

दुसरा म्हणाला, "आत ऑटोवाले येऊ देत नाही, मेन रोडवर या." गुडघा, बरणी, मेन रोड. पोचलो तर, "वरून साठ द्या, तिकडून रिकामं याव लागते." मानेवाड्याहून रिकामं? अर्धं नागपूर तिकडं राहते बे!

आणि मेट्रोचं कोणी सांगू नका. 2022 पासून चारही दिशांना धावते म्हणे, आमच्या मानेवाड्याकडं तेवढी वळली नाही. ई-बाईक टॅक्सीचं धोरणही आलं. आईला बाईकवर बसवू का बरणीला? आणि त्या पुण्याच्या साडूला कोणीतरी समजवा रे, ऑटोला रिक्षा म्हणू नको. रिक्षा पायडलची असते.

तर आलो परत त्याच टॉवेलवाल्याकडं. घासाघीस करून 280 ठरवले. वीस रुपये वाचवले म्हणून छाती फुगली. उतरताना तीनशे दिले तर, "सुट्टे नाही भाऊ."

घरी येऊन एवढं बोंबलत होतो तर आईनं पाणी पिता पिता आठवण करून दिली, आमच्या मोठ्या मामाच्या नावावर ऑटोचं परमिट आहे. मामानं जन्मात हँडल धरलं नाही. ऑटो दुसराच चालवते, मामाला रोजचं भाडं पोचते, आणि दिवाळीला त्यांच्याकडच्या अनारशांवर सगळ्यात आधी हात मी मारतो.

रात्री मामांचा फोन. "पोचले का रे? किती घेतले?"

"तीनशे."

"बराबर घेतले."