आवाज तोंडाने काढा

माझी गाडी बंद पडली नव्हती. ती सुरू होत नव्हती. या दोन्हींत फरक असतो हे मंगळवारी सकाळी सव्वानऊपर्यंत माझ्या गावीही नव्हतं. साडेनऊनंतर मात्र मी त्यावरून कोणाशीही भांडायला तयार होते.

जेहान सर्कलच्या अलीकडे भाजी घ्यायला थांबले. मेथी, चार लिंबं, कोथिंबिरीची जुडी. परत येऊन किल्ली फिरवली तर गाडी म्हणाली, टकटकटकटक. बस्स. जानेवारीतली नाशिकची थंडी, ऑफिसात मस्टर वाट बघतंय, आणि गाडी लावलेली एका मेडिकलवाल्याच्या बरोबर तोंडावर, 'पाचच मिनिटं हं दादा' या बोलीवर.

बोनट उघडायची खटकी नेमकी कुठे असते ते मी आठवत होते, तेवढ्यात काचेवर टकटक झाली. ही बाहेरची टकटक. काच खाली केली. कानटोपी, कानटोपीवर मफलर, स्कूटीच्या हुकाला दुधाची पिशवी आणि कोपरात अडकवलेलं हेल्मेट. 2021 साली नाशकात 'नो हेल्मेट, नो पेट्रोल' निघालं होतं तेव्हाची खरेदी असावी, कारण ते फक्त पंपावर वापरल्यासारखं कोरं करकरीत होतं.

"बंद पडली?" काका म्हणाले.

"नाही, सुरू होत नाहीये."

"म्हणजे बंदच ना."

आणि माझ्या उत्तराची वाट न बघता काकांनीच पुढे विचारलं, "मिस्टर कुठेत?"

हा दुसरा प्रश्न. ब्लड ग्रुपसुद्धा अपघातानंतर विचारतात, मिस्टर आधी विचारतात. मी म्हटलं, ऑफिसात. "मग फोन लावा त्यांना. पुरुष माणूस जवळ असलेला बरा."

आता आमच्या पुरुष माणसाबद्दल थोडं सांगायला हवं. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात पार्किंगमध्ये गाडीखाली ओल दिसली तेव्हा याच पुरुष माणसाने 'गाडीला गळती लागली' म्हणून अर्धी रजा टाकली होती. आम्ही दोघं वरातीच्या वेगाने गॅरेजला गेलो. पोऱ्याने गाडीखाली वाकून बोट लावलं, वास घेतला आणि म्हणाला, "साहेब, एसीचं पाणी आहे. बादली लावा, तुळशीला घाला." थंड कॉइलवर हवेतलं बाष्प जमतं आणि नळीतून खाली ठिबकतं, माठाला पाझर फुटतो तसं. हिरवं किंवा गुलाबी, चिकट काही ठिबकलं तर ते कूलंट आणि तेव्हा घाबरायचं. काळं आणि तेलकट असेल तर ऑइल, तेव्हाही घाबरायचं. स्वच्छ पाण्याला घाबरणारं आमच्या सोसायटीत एकच घर. फोन मी लावला नाही.

"बरं, आवाज कसा येतोय?"

"ऐका ना. फिरवते किल्ली."

"थांबा!" काका असे ओरडले की कोथिंबीरवाली मावशी दचकली. "हात लावू नका किल्लीला. असलेली बॅटरीपण जाईल. तुम्ही तोंडाने काढून दाखवा."

मी इकडेतिकडे पाहिलं. भाजीवाल्या, मेडिकलवाला, क्लासला जाणारी तीन पोरं आणि टपरीवर चहा घेणारे दोघं. मला वाटलं, काका हसतील. ते हसले नाहीत. कान पुढे केला, कानटोपी बोटाने वर सरकवली आणि थांबले.

"टक," मी म्हटलं.

"एकच?"

"नाही, बरेच."

"बरेच म्हणजे कसे? टक… टक… टक की टकटकटकटक?"

"दुसरं."

"दुसरं काय? काढून दाखवा. गाडी बोलली तसं."

आणि मी, सत्तेचाळीस वर्षांची, पतसंस्थेत कर्जाच्या फायली बघणारी बाई, गंगापूर रोडवर भर सकाळी 'टकटकटकटक' केलं. काकांचं समाधान होईना. "फार हळू करताय. बॅटरी इतकी कमी असती तर तुम्हाला इथपर्यंत आणलंच नसतं तिने." मी जोरात केलं. क्लासच्या पोरांपैकी एकाने मोबाइल काढला. "आता शेवटी खर्र आला का?" "नाही." "आठवून सांगा." "नाही आला!" "आला व्हता," कोथिंबीरवाली मावशी म्हणाली. "पहिल्यांदा खर्र केलं, मंग टकटक. म्या ऐकलं ना."

काकांनी तिच्याकडे पाहिलं नाही. डोळे मिटून म्हणाले, "ओझरला विमानाच्या कारखान्यात पस्तीस वर्षं काढली. मिग डोक्यावरून गेलं की आवाजावरून सांगायचो."

"काय सांगायचात?" पोराने विचारलं.

"की मिग आहे."

मनातल्या मनात कितीही चरफडले तरी एक कबूल करते. काकांच्या टकटकशास्त्रात तथ्य होतं. मी नंतर दोन ठिकाणी विचारून खात्री केली आणि त्याचा मला अजून राग आहे. एकच जाड 'खट' येऊन शांतता झाली तर बहुधा करंट सेल्फपर्यंत, म्हणजे इंजिनला पहिला फिरका देणाऱ्या मोटरपर्यंत, पोचतोय, पण सेल्फ फिरत नाहीये. भराभर टकटक झाली तर सेल्फला पुरेसा जोर मिळत नाहीये. म्हणजे एक तर बॅटरी उतरली किंवा तिच्या डोक्यावरचं टर्मिनल ढिलं पडलं. काहीच आवाज नसेल तर वायर, फ्यूज, रिले अशी शोधाशोध. चालता चालता जीव गेला तर ते प्रकरण वेगळं, तिथे पेट्रोलपासून सुरुवात. म्हणून 'बंद पडली' आणि 'सुरू होत नाही' यात फरक. म्हणून मी भांडत होते. तेव्हा मला हे माहीत नव्हतं, पण तत्त्व बरोबर होतं.

पण काका स्वतःच्या शास्त्रावर दोन मिनिटंसुद्धा टिकले नाहीत. "हॉर्न वाजवा बरं." मी वाजवला. पींऽऽ. "बघा! बॅटरी ठणठणीत. सेल्फ गेला. आठ-नऊ हजाराला फोडणी."

इथे ते साफ चुकले, आणि ही चूक पुष्कळ लोक करतात म्हणून मुद्दाम लिहिते. हॉर्नला चिमूटभर करंट पुरतो. सेल्फ सुरुवातीला शे-दीडशे अँपिअर एका घोटात मागतो. दारातल्या माणसाला पेलाभर पाणी देता येतं म्हणजे घरात लग्नाची पंगत उठेल इतकं पाणी आहे असं नाही.

"स्टेपनी आहे का?" काकांनी विचारलं.

"बॅटरीचा आणि स्टेपनीचा काय संबंध?"

"संबंध नाही. पण असावी."

(ही स्टेपनी कुठली ते मी घरी जाऊन शोधलं. वेल्समधल्या लानेली गावात स्टेपनी नावाचा रस्ता आहे. तिथल्या डेव्हिस बंधूंनी 1904 साली जोडचाक काढलं आणि त्याला रस्त्याचं नाव दिलं. साहेब गेला, त्याच्या देशात लोक तो शब्द विसरले, आणि आपण पंक्चरवाल्याकडे जाऊन अजून वेल्समधल्या एका गल्लीचं नाव घेतोय. याचा माझ्या गाडीला त्या सकाळी काही उपयोग नव्हता. काकांच्या प्रश्नाचाही नव्हता.)

मग धक्का. धक्क्याशिवाय आपल्याकडे कुठलीही गाडी सोडली जात नाही. "सेकंड गिअर टाका, क्लच दाबून धरा, मी 'सोड' म्हटलं की सोडा." तीन पोरं आणि चहावाल्याकडचे दोघं मागे लागले. काका पुढे उभे राहून हातवारे करत होते, विमान उतरवतात तसे. पाच जणांनी जोर लावला. गाडी जागची हलेना. पुन्हा लावला. एका पोराच्या चपलेचा अंगठा तुटला. मग त्यातला एक चष्मेवाला माझ्या खिडकीशी आला आणि अतिशय सभ्यपणे म्हणाला, "काकू, हँडब्रेक."

होय. ओढलेला होता.

काका म्हणाले, "असू दे, होतं असं लेडीजचं." टकटक करताना मला जेवढी लाज वाटली नव्हती तेवढा या वाक्याचा राग आला. 'लेडीजचं' नाही हो, माणसाचं होतं असं. आमचे पुरुष माणूस एकदा मुंबई नाक्यापासून पाथर्डी फाट्यापर्यंत हँडब्रेक ओढून गेले होते आणि जळका वास आला तेव्हा पुढच्या रिक्षाला नावं ठेवत होते. त्यांना कोणी 'जेंट्सचं होतं असं' म्हणालं नाही.

या सगळ्यात कोथिंबीरवाली मावशी उठून आली होती. "ताई, त्ये झाकण उघड. आमच्या मालकाच्या छोट्या हत्तीला बी असंच व्हतं. बॅटरीच्या बोंडाला हिरवं-पांढरं धरतं बघ, लोणच्याच्या बरणीला खारं धरतं तसं. गरम पाणी घाल."

खटकी सापडली. बोनट उघडलं. बॅटरीच्या एका बोंडावर खरोखर पांढरट-हिरवा फुलोरा आला होता आणि मी बोटाने हलवलं तर टर्मिनल सरळ गोल फिरलं. सैल बांगडीसारखं. सिंहस्थाच्या नावाने सध्या अर्धं शहर खोदून ठेवलंय. रोज त्या खड्ड्यांतून आदळत गेल्यावर नट ढिला होणार नाही तर काय? त्यात थंडी. गारठ्यात बॅटरीचा जोर आधीच उतरतो. निफाडचा पारा घसरल्याची बातमी आली की सकाळी पार्किंगमधल्या दोन-चार गाड्या कण्हतातच.

चहावाल्याने गरम पाणी दिलं, भज्यांसाठी ठेवलेला चिमूटभर खायचा सोडा दिला. दहा नंबरचा पाना मेडिकलवाल्याने आपल्या डिलिव्हरीच्या मोटरसायकलमधून काढून दिला, आणि ज्या चपळाईने दिला त्यावरून त्याला दुकानाचं तोंड किती लवकर मोकळं हवं होतं ते कळलं. "काळी आधी, काळी आधी काढा!" काका ओरडले. हेही बरोबर. लाल आधी सोडवताना पाना बॉडीला टेकला तर ठिणगी उडते. लावताना उलट, लाल आधी. सोड्याचं पाणी पडल्यावर फुलोरा फसफसला आणि वाहून गेला. कोरडं केलं, नट आवळला. किल्ली फिरवली. एका दमात सुरू.

"बघा," काका मफलर सारखा करत म्हणाले, "मी पहिल्यापासून सांगत होतो, बॅटरी." मावशी काही बोलली नाही. परत जाऊन कोथिंबिरीवर पाणी शिंपडायला लागली. काकांनी दुधाच्या बिलामागे आपला नंबर लिहून दिला. "काही वाटलं तर फोन करा. फक्त आवाज लक्षात ठेवा." जाता जाता चष्मेवाल्याने त्यांना विचारलं, "काका, ओझरला कोणत्या शॉपमध्ये होतात?" "टाइम ऑफिसला," काका म्हणाले. म्हणजे हजेरी. स्कूटी एका किकमध्ये सुरू झाली, हेही मला आवडलं नाही.

खरी चीड पुढे आहे. सिग्नलला थांबल्यावर डॅशबोर्डच्या खणातून मी तीन आठवड्यांपूर्वीच्या सर्व्हिसिंगचा कागद काढला. 9,340 रुपये. त्यात थ्रॉटल बॉडी क्लीनिंग होतं, एसीमध्ये कसलीशी फवारणी होती, इंजिनच्या 'डीकार्ब'चे पैसे होते, आणि खाली चाळीस कलमांची तपासणी, प्रत्येकापुढे निळ्या पेनाची खूण. अठरावं कलम: बॅटरी टर्मिनल. खूण. ती खूण वरच्या सतराव्या खुणेला चिकटून, पेन न उचलता, एका रेघेत गेली होती. गाडी घ्यायला गेले तेव्हा तिथल्या मुलाने सगळं मला समजावलंच नव्हतं. "सरांशी बोलतो मी" म्हणून आमच्या पुरुष माणसाला फोन लावला होता आणि सर दहा मिनिटं 'हो, हो, करून टाका' म्हणत होते.

मला तरी कोणी कधी काय सांगितलं? ड्रायव्हिंग स्कूलवाल्याने एकवीस दिवसांत स्टिअरिंग शिकवलं, बोनट एकदाही उघडलं नाही. काट्यांच्या बाजूचा तांबडा दिवा मी दोन वर्षं किटली समजत होते. ती ऑइलची झारी असते. चालत्या गाडीत ती लागली की तिथल्या तिथे बाजूला घेऊन इंजिन बंद करायचं, घरापर्यंत न्यायला गेलं तर इंजिनच उघडावं लागतं. इंजिनच्या चित्राचा पिवळा दिवा असेल तर गॅरेजपर्यंत सांभाळून जाता येतं, लुकलुकायला लागला तर तेही नाही. या एवढ्याशा वाक्यासाठी कोणी 9,340 घेतले असते तर मी आनंदाने दिले असते.

गुरुवारी बॅटरीवाल्याकडे मीटर लावून घेतला. गाडी बंद असताना 12.5 व्होल्ट, चालू असताना 14.1. बॅटरी बरी, अल्टरनेटर बरा. त्याने पैसेही घेतले नाहीत. तो कागद आणि अठरावी खूण घेऊन मी सर्व्हिसिंगवाल्यांकडे गेले. तोच मुलगा. त्याने खूण पाहिली, मला पाहिलं, कॉम्प्युटरमध्ये पाहिलं.

"मॅडम, तसं काही असेल तर बघून घेऊ. सरांचा नंबर देता का? त्यांच्याशीच बोलतो."

पर्समध्ये हात घातला तर दुधाचं बिल हाताला लागलं. दिला नंबर.

शनिवारी त्या मुलाचा फोन आला. आवाज जरा थकलेला होता.

"मॅडम, सरांशी बोललो मी. दोनदा बोललो. ते म्हणतायत, आधी आवाज तोंडाने काढून दाखवा."