‘डेट वाढतेच की’ म्हणणाऱ्या फॉरवर्डला खिडकीमागून उत्तर

परत तो मेसेज फिरायला लागलाय. ॲडमिशन संपत आल्या की दरवर्षी येतो, फक्त वरचं साल बदललेलं असतं. ज्यांच्यापर्यंत पोचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो, त्यात लिहिलंय की महाडीबीटीची, म्हणजे सरकारी शिष्यवृत्तीच्या पोर्टलची, लास्ट डेट दरवर्षी वाढते म्हणून टेन्शन घेऊ नका, फॉर्म नुसता सबमिट करून ठेवा म्हणजे काम झालं, मागच्या वर्षीचा उत्पन्नाचा दाखला चालतो, पैसे कुठल्याही खात्यात येतात, मुलींची फी माफ आहे त्यामुळं त्यांनी फॉर्मच भरायचा नाही, आणि पुढच्या वर्षी रिन्यूअल आपोआप होतं. खाली नेहमीचं ‘जास्तीत जास्त शेअर करा’.

मी कोल्हापुरातल्या एका कॉलेजात स्कॉलरशिपच्या खिडकीमागं बसतो. हा मेसेज वाचून निवांत राहिलेली पोरं मार्चमध्ये माझ्यासमोरच उभी असतात. म्हणून एकदा सगळं लिहूनच टाकतो, एकेक मुद्दा घेऊन.

सुरुवात लास्ट डेटपासून. खरं आहे ते खरंच म्हणायला पाहिजे, डेट बऱ्याचदा वाढते. सर्व्हर बसतो, दाखले अडकतात, पंचगंगेचं पाणी वाढून रस्ते बंद पडतात, मग मागणी होते आणि मुदतवाढ मिळते. पण वाढते ती कुठली डेट? पोरानं पोर्टलवर अर्ज भरायची. त्याच्यामागं अजून तारखांची लाईन असते: कॉलेजनं अर्ज तपासून पुढं पाठवायची वेगळी, विभागानं मंजूर करायची वेगळी, आणि आमचं कॉलेज नोटीस बोर्डवर लावतं ती या सगळ्यांच्या आधीची. ती आम्ही काय हौसेनं आधी लावत नाही, शेवटच्या दोन दिवसांत शेकड्यानं अर्ज आले तर बघणारी माणसं मोजकीच असतात आणि लॉगिनपण मोजकीच. शिवाय महाडीबीटीवर एक योजना नाही, वेगवेगळ्या विभागांच्या कितीतरी योजना आहेत. एकाची मुदत वाढली म्हणून दुसऱ्याची वाढेल असं नाही. ग्रुपवर मुदतवाढीचं पत्र पडतं, त्यातलं विभागाचं नाव कोण वाचत नाही, फक्त तारीख वाचतात.

आणि वाढलीच मुदत, तरी त्या दिवसांत तू काय करणार आहेस? दाखला काढायला टाकलेला असेल तर वाढीव दिवस कामाला येतात. काहीच सुरू केलं नसेल तर पंधरा दिवस वाढले काय आणि महिना वाढला काय, शेवटच्या दोन दिवसांत नेट कॅफेत नंबर लावून बसायचंच आहे.

आता ‘सबमिट झालं की काम झालं’. सगळ्यात जास्त पोरं इथंच अडकतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

तू सबमिट दाबलंस की अर्ज आमच्याकडं येतो, पैशाकडं जात नाही. कॉलेजचा क्लार्क तो उघडून एकेक कागद बघतो, मग प्राचार्यांच्या लॉगिनला जातो, मग विभागाकडं. एससीच्या पोरांचा समाजकल्याणकडं, बीए-बीकॉम-बीएस्सीवाल्यांचा ईबीसीचा (म्हणजे राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीचा) अर्ज उच्च शिक्षण सहसंचालकांकडं, इंजिनिअरिंगचा तंत्रशिक्षणकडं आणि त्यांचं विभागीय ऑफिस पुण्यात, म्हणजे उठून चौकशीला जायचं म्हटलं तरी एक दिवस गेला. यातल्या कुठल्याही टप्प्यावरनं अर्ज परत फिरू शकतो. आम्ही त्याला सेंड बॅक म्हणतो. परत आलेला अर्ज तुझ्या लॉगिनमध्ये पडून राहतो, तू दुरुस्त करून परत सबमिट करेपर्यंत तिथंच. त्याचा मेसेज जातो तो नोंदवलेल्या मोबाईल नंबरवर, आणि तो नंबर बऱ्याचदा बारावीत असतानाचा, नाहीतर नेट कॅफेवाल्यानं घाईत टाकलेला स्वतःचा. मग पोरगं सहा महिने म्हणत राहतं, सर मी भरलाय की फॉर्म. भरलायस रे बाबा, पण तो तुझ्याचकडं आहे.

आणि परत का येतो ते ऐका, म्हणजे ‘कागदपत्रं नंतर बघू’ यात काय घोळ आहे ते कळेल. पोर्टलला कागद २५६ केबीच्या आत लागतो. मोबाईलनं काढलेला फोटो तीन-चार एमबीचा असतो, मग पोरं तो ॲपमध्ये घालून एवढा दाबतात की उत्पन्नाच्या दाखल्यावरचा आकडा ३ आहे का ८ आहे ते आम्हाला कळत नाही. फोटो पलंगावर ठेवून तिरका काढलेला, खालचा बारकोड कापला गेलेला, चादरीवरची फुलं मात्र एकदम स्पष्ट. दुसरं म्हणजे नाव. बारावीच्या मार्कलिस्टवर आडनाव आधी, आधारवर शेवटी, वडिलांच्या नावात एका ठिकाणी ‘राव’ आहे एका ठिकाणी नाही. क्रम उलटा असला तर समजून घेता येतं, पण अक्षरच वेगळं असलं तर वरचं ऑफिस धरतं. तिसरं, शिक्षणात गॅप असून गॅपचं प्रमाणपत्र नाही. चौथं, रेशन कार्डाचं फक्त पहिलं पान, ज्याच्यावर फक्त कार्डाचा रंग कळतो, नावं आतल्या पानावर असतात हो. ईबीसीला एका कुटुंबातल्या दोनच मुलांना लाभ असतो, ते बघायला रेशन कार्ड लागतं, शोभेला नाही. आणि शेवटचं म्हणजे एका कागदाच्या जागी दुसराच कागद अपलोड करून सबमिट. रकाना रिकामा ठेवला तर सिस्टीम पुढं जाऊ देत नाही म्हणून डोमिसाईलच्या जागी आधारच परत टाकायचं, ही आयडियापण असल्याच फॉरवर्डमधनं आलीय. सिस्टीमला चालेल, पण बघणारं माणूस असतंय ना.

म्हणून सबमिट केल्यावर आठवड्यातनं एकदा लॉगिन करून स्टेटस बघायचं. अर्ज कॉलेजच्या टप्प्यावर बरेच दिवस पडलेला दिसला तर खिडकीशी येऊन विचार, त्यात लाजायचं काय? कधी कधी आमच्याकडंपण गठ्ठा असतो आणि विचारलेला अर्ज वर येतो, हे मी कबूलच करतो. पोर्टलवरच्या अर्जाची प्रिंट आणि कागदांच्या झेरॉक्स कॉलेजला जमा करायच्या असतात, तेपण लास्ट डेटच्या आधी. ऑनलाईन आहे म्हणजे कागद नाही, असं आपल्याकडं अजून तरी झालेलं नाही.

उत्पन्नाचा दाखला. ‘मागच्या वर्षीचा चालतो’ हे अर्धं खरं आहे. दाखला एक वर्षाचा मिळतो तसा तीन वर्षांचापण मिळतो. तीन वर्षांचा असेल आणि मुदत शिल्लक असेल तर चालेल. एक वर्षाचा असेल तर त्याच्यावरच छापलेलं असतं की ३१ मार्चपर्यंत वैध. ॲडमिशन जुलै-ऑगस्टला होते, म्हणजे तो आधीच संपलेला. हे कळायला कुणाला विचारायची गरज नाही, दाखल्यावरची खालची ओळ वाचायची.

नवीन काढायचा तर तहसीलदारांचा लागतो, सरपंचाचा चालत नाही, आणि नोकरीवाल्यांचा नुसता फॉर्म १६ पण चालत नाही, त्याच्यावरनं दाखला काढावा लागतो. सेवा हमी कायद्यात उत्पन्नाच्या दाखल्याला १५ दिवसांची मुदत आहे. पण ते पंधरा दिवस अर्ज पूर्ण असल्यावरचे. त्याच्या आधी तलाठ्याचा अहवाल पाहिजे (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं, पण चंदगडला जाऊन तसं विचारलंत तर लोक तुमच्याकडंच बघतील), आणि एका तलाठ्याकडं दोन-तीन गावं असली की ते सापडेपर्यंतच आठवडा जातो. गगनबावड्याच्या, राधानगरीच्या वाड्यांवरच्या पोरांचं पावसाळ्यात काय होतं ते वेगळं सांगायला नको. त्यात सगळ्या जिल्ह्याला दाखला एकाच वेळी हवा असतो. माझं ऐकायचं तर एप्रिल-मेमध्ये, सीईटी झाली की दाखला टाकून मोकळं व्हायचं, तेव्हा सेतूत गर्दी नसते आणि रस्तेपण उघडे असतात.

मर्यादा किती हेपण लोक गोंधळून सांगतात. ईबीसीला कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत. एससीच्या केंद्राच्या पोस्ट मॅट्रिक शिष्यवृत्तीला २.५ लाख, त्याच्या वर असेल तर वेगळी फ्रीशिपची, म्हणजे फी माफीची, योजना आहे. ज्याला आपली योजना कुठली तेच माहीत नाही त्यानं मित्राचं बघून अर्ज टाकू नये, चुकीच्या योजनेत टाकलेला अर्ज बाद होतोच, वर बरोबर योजनेची डेटपण निघून जाते.

खात्याचा मुद्दा थोडक्यात सांगतो, पण पैसे भलतीकडं जातात ते इथंच. महाडीबीटीचे पैसे तू फॉर्ममध्ये लिहिलेल्या खात्यावर जात नाहीत, तुझ्या आधारला डीबीटीसाठी (सरकारी पैसे थेट यायला) जे खातं जोडलंय त्याच्यावर जातात. बँकेत आधारची झेरॉक्स दिली म्हणजे हे जोडणं झालं असं नाही, केवायसी वेगळं आणि एनपीसीआयला (बँकांचे व्यवहार जोडणारी संस्था) सीडिंग, म्हणजे आधार-खात्याची नोंद, वेगळं, बँकेत जाऊन ‘डीबीटी सीडिंग’ असं स्पष्ट सांगून फॉर्म द्यावा लागतो. आणि एका वेळी एकच खातं जोडलेलं राहतं, शेवटी जोडलं ते. २०१७ ला आठवतंय का, गॅसची सबसिडी लोकांच्या नेहमीच्या बँकेत न येता सिमकार्डबरोबर उघडलेल्या पेमेंट बँकेत जात होती, कित्येकांना असं खातं आहे हेच माहीत नव्हतं, शेवटी आधार प्राधिकरणाला त्या सिमकार्डवाल्या कंपनीचं ई-केवायसी थांबवावं लागलं. आपली पोरंपण मोबाईलवर दोन मिनिटांत खातं उघडतात, ‘आधार लिंक’ला टिक करतात आणि विसरून जातात. आधारच्या वेबसाईटवर बँक सीडिंग स्टेटस दिसतं, ओटीपी टाकून बघून घ्या.

मुलींचं तर या मेसेजनं सरळ वाटोळं केलंय. ८ जुलै २०२४ चा शासन निर्णय आहे, ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबातल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमाची शिक्षण फी आणि परीक्षा फी आधी निम्मी माफ होती ती २०२४-२५ पासून पूर्ण माफ. चांगलाच निर्णय आहे. पण तो मिळतो अर्जावरच, त्याच महाडीबीटीवर. कॅपमधनं, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतनं, ॲडमिशन लागते, मॅनेजमेंट कोट्याला नाही, अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठांना नाही. आणि होस्टेल, मेस, डेव्हलपमेंट फी या माफीत येत नाही. आता फॉर्मच भरला नाही तर काय होतं? ॲडमिशनच्या वेळी कॉलेज पात्र मुलीकडनं ती फी घेत नाही, शासनाकडनं येणार म्हणून थांबतं. अर्ज नसला की शासनाकडनं काही येत नाही आणि ती रक्कम मुलीच्या नावावर बाकी दिसायला लागते. ईबीसीच्या मुलांची निम्मी फी शासनाकडनं येते, तिचंपण तेच. पैसे मिळाले नाहीत एवढ्यावर भागत नाही, उलट देणं निघतं. वर्षाच्या शेवटी एखाद्या मुलीचा बाप गावाकडनं येतो, उसाचं बिल अजून जमा व्हायचं असतं, आणि मला म्हणतो, साहेब मुलींना तर फुकट आहे ना. काय सांगणार त्याला? पोरीला ग्रुपवर मेसेज आला होता म्हणून सांगू?

राहिलं रिन्यूअल. आपोआप काही होत नाही. दरवर्षी लॉगिन करून स्वतः टाकायचं, मागच्या वर्षाच्या मार्कलिस्टसकट. पोर्टल जुनी माहिती भरून दाखवतं म्हणून झाल्यासारखं वाटतं, पण सबमिट तुलाच दाबायचंय, आणि परत तीच साखळी, कॉलेज, प्राचार्य, विभाग. सेकंड इयरची पोरं यात जास्त सापडतात, कारण फर्स्ट इयरला भाऊ नाहीतर सिनियर सोबत बसून भरतो, नंतर कोण बघत नाही. पासवर्ड विसरलास आणि नंबर बदललास तर तो आधी सोडवून घे, तेवढ्यासाठी खिडकीशी आलास तरी चालेल, पण दुपारच्या आधी ये, त्यानंतर सर्व्हरचं काही खरं नसतं.