एरोमोनास सापडला म्हणजे कारण सापडलं असं नाही

नदीत किंवा तलावात माशांचा खच पडतो, दोन-चार मासे प्रयोगशाळेत जातात आणि आठवड्याभरात अहवाल येतो: 'एरोमोनास हायड्रोफिला आढळला'. मग बातमी होते की मासे जिवाणूसंसर्गाने मेले, आणि विषय तिथेच मिटतो. माझा या पद्धतीला ठाम विरोध आहे. असा अहवाल बहुतेक वेळा खोटा नसतो, पण मासे कशाने मेले याचं उत्तर त्यात नसतं.

एरोमोनास हायड्रोफिला गोड्या पाण्यात जवळजवळ सगळीकडे असतो. पाण्यात, गाळात, निरोगी माशाच्या आतड्यात, त्वचेवरच्या बुळबुळीत थरात. मासा ताणाखाली आला की त्याच्या रक्तात कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक वाढतं, प्रतिकारशक्ती घसरते, आणि एरवी निमूट राहणारा हाच जिवाणू रक्तात शिरतो. परांच्या मुळाशी लाली, पोटात पाणी, उभे राहिलेले खवले, बाहेर आलेले डोळे ही लक्षणं खरी असतात. पण ताण कशाचा होता? ऑक्सिजनचा, अमोनियाचा, अंडी घालण्याच्या काळातल्या थकव्याचा, की वरच्या बाजूने कुणी सोडलेल्या सांडपाण्याचा? जिवाणूचं नाव लिहून हा प्रश्न बंद केला, तर सांडपाणी सोडणारा आपोआप सुटतो.

दुसरी अडचण प्रयोगशाळेच्या कामातच आहे, आणि तिच्याबद्दल फार कमी बोललं जातं. एरोमोनास हायड्रोफिला साध्या पोषक माध्यमावर (जिवाणू वाढवण्यासाठी ताटलीत ओतलेल्या खाद्यावर) २४ तासांत भरभरून वाढतो. फुरुंक्युलोसिस हा माशांचा रोग घडवणारा त्याचा भाऊबंद एरोमोनास साल्मोनिसिडा सावकाश वाढतो, त्याच्या वसाहती आणि त्यांचा तपकिरी रंग नीट दिसायला तीन-चार दिवस लागू शकतात, आणि त्याचा नेहमीचा प्रकार ३७ अंश सेल्सिअसला वाढतच नाही. कल्ले कुजवणारा फ्लेव्होबॅक्टेरियम कॉलम्नेरी भरपूर पोषण असलेल्या माध्यमावर नीट येत नाही, त्याला पोषण कमी असलेलं माध्यम द्यावं लागतं. मूत्रपिंडात गाठी करणारा रेनिबॅक्टेरियम १५ अंशांच्या आसपास, सिस्टीन हे अमिनो आम्ल घातलेल्या माध्यमावर, कित्येक आठवडे घेतो. म्हणजे एकच माध्यम, ३७ अंश आणि दुसऱ्या दिवशी निकाल, या रीतीने काम केलं तर एरोमोनास हायड्रोफिला सापडणार हे जवळपास ठरलेलंच. माध्यमाचं ताट २२ ते २५ अंशांवर निदान आठवडाभर ठेवलं पाहिजे, आणि नमुना एकाहून अधिक माध्यमांवर लावला पाहिजे.

याची किंमत जगाने एकदा मोजली आहे. व्रण पडून मासे मरण्याचा मोठा रोग १९७१ मध्ये जपानमध्ये नोंदला गेला, पुढे आशियाभर पसरला, १९८८ मध्ये भारतात पोचला. व्रणांतून सतत एरोमोनास मिळत होता, त्यामुळे संशय बराच काळ त्याच्यावर राहिला. मूळ कारण निघालं अफॅनोमायसीस इन्व्हाडान्स, बुरशीसारखा दिसणारा, पाण्यात पोहणारे बीजाणू सोडणारा जीव. जिवाणू त्याने केलेल्या जखमेत नंतर शिरलेले. २००६ मध्ये हाच रोग आफ्रिकेत झांबेझी-चोबे नद्यांच्या रानटी माशांत दिसला. व्रणाच्या कडेचा स्नायू दोन काचपट्ट्यांत दाबून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर या जीवाचे आडवे पडदे नसलेले धागे दिसू शकतात. नुसत्या जिवाणूच्या ताटावर ते कधीच दिसणार नाहीत.

म्हणून माशाला हात लावण्याआधी मरतूक नीट बघा. एका रात्रीत सगळ्या जातींचे मासे मेले, मोठे आधी मेले आणि जिवंत असलेले पृष्ठभागावर तोंड काढून श्वास घेतायत, तर आधी ऑक्सिजन तपासा. लहान-मोठे सगळे एकदम गेले, सोबत खेकडे-गोगलगायीही, तर विषाचा संशय घ्या. मरतूक रोज थोडी वाढत दिवसेंदिवस चालते, एक-दोन जातींपुरती किंवा एकाच वयाच्या माशांपुरती राहते, तेव्हा संसर्गाची शक्यता मोठी.

ऑक्सिजन सूर्योदयाआधी मोजायचा, पृष्ठभागावर आणि तळाशीही. दुपारी शेवाळं ऑक्सिजन सोडत असताना घेतलेला आकडा फसवतो. २० अंशांना समुद्रसपाटीवरचं पाणी लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन धरतं, ३० अंशांना साधारण साडेसात. अमोनियाबरोबर सामू (pH) आणि तापमान लिहिलं नसेल तर तो आकडा वाया गेला: २५ अंशांना सामू ७ असताना एकूण अमोनियाचा एक टक्क्याहून कमी भाग विषारी रूपात असतो, सामू ९ झाला की तोच एक तृतीयांशाच्या वर जातो.

आता नमुना. मेलेला, फुगलेला मासा नको. मेल्यावर काही तासांतच आतड्यातले जिवाणू शरीरभर पसरतात आणि मग सापडलेल्या कशालाच अर्थ उरत नाही. मरायला टेकलेले पाच-सहा आणि त्याच पाण्यातले वरवर निरोगी दिसणारे तितकेच मासे घ्या. निरोगी मासे नसतील तर तुलना कशाशी करणार? प्रत्येक मासा वेगळ्या पिशवीत, पिशवीभोवती बर्फ, मासा बर्फाच्या पाण्यात बुडवायचा नाही, गोठवायचा तर मुळीच नाही, आणि २४ तासांच्या आत प्रयोगशाळेच्या टेबलावर. कल्ल्यांचा खरवड मात्र जागीच बघावा. एक थेंब पाणी, वर काचेची चकती, काही मिनिटं थांबून ४०० पट. कॉलम्नेरीचे लांब सडपातळ जिवाणू सरपटत एकत्र येऊन गवताच्या गंजीसारखे खांब रचतात. १९२२ मध्ये डेव्हिस यांनी मिसिसिपी नदीच्या माशांत हा रोग वर्णन केला, आणि जिवाणूचं नाव या खांबांवरूनच आलं.

जिवाणूसाठीचा नमुना व्रणातून नव्हे, मूत्रपिंडातून घ्यायचा. व्रणावर पाण्यातलं वाट्टेल ते बसलेलं असतं. निरोगी माशाचं मूत्रपिंड जवळजवळ निर्जंतुक असतं, म्हणून तिथे एकाच प्रकारची दाट वाढ मिळाली तर तिला किंमत आहे. त्वचा ७० टक्के अल्कोहोलने पुसा, पोट उथळ कापा, आतडं फुटू देऊ नका (फुटलंच तर दुसरा मासा घ्या), वाताशय (पोटातली हवेची पिशवी) बाजूला सारा. कण्याखाली गडद लाल पट्टी दिसते, तेच मूत्रपिंड. सोबत कल्ले, यकृत, प्लीहा, मूत्रपिंडाचे तुकडे १० टक्के बफरयुक्त फॉर्मेलिनमध्ये, जाडी अर्ध्या सेंटिमीटरहून कमी, द्रव तुकड्यांच्या दहापट. मासा गिरक्या घेत असेल तर मेंदूचाही नमुना हवा, स्ट्रेप्टोकोकस हा जिवाणू तिथे मिळतो.

बाहेरून आलेल्या जिवाणूची गोष्ट वेगळी. तिथे जिवाणूचं नाव हेच मोठं उत्तर असतं. नॉर्वेत १९८५ मध्ये स्कॉटलंडहून आणलेल्या साल्मनच्या पिल्लांबरोबर फुरुंक्युलोसिस आला आणि १९९२ संपेपर्यंत ७०हून अधिक नद्यांत पोचला. म्हणून नदीत मत्स्यबीज सोडण्याआधी तपासणी झालीच पाहिजे, असं माझं मत आहे. मोठ्या साठ्यात ५ टक्के मासे बाधित असतील तर ९५ टक्के खात्रीने एक तरी सापडायला ६० मासे तपासावे लागतात, २ टक्क्यांसाठी १५०. पाच मासे बघून 'रोगमुक्त' असा शेरा मारणं चूक आहे. रेनिबॅक्टेरियम तर अंड्याच्या आतूनच पिल्लात जातो, अंडी बाहेरून आयोडिनने धुऊन तो निघत नाही.

नदीत प्रतिजैविक ओतण्याला कुठलाही आधार नाही. मात्रा टिकत नाही, आजारी मासा खात नाही, आणि गाळातले जिवाणू प्रतिरोधक होत जातात. मेलेले मासे रोज काढा, पाण्यापासून लांब पुरा, मत्स्यबीजाची ने-आण थांबवा, जाळी आणि बूट धुऊन कडक उन्हात पूर्ण वाळवा.

हे सगळं हातमोजे घालून. मायकोबॅक्टेरियम मरिनम हा माशांतला जिवाणू बोटाच्या खरचटीतून शिरतो आणि काही आठवड्यांनी न दुखणारी गाठ येते. डॉक्टरांना माशांशी संपर्क आल्याचं आवर्जून सांगा, कारण तो ३० अंशांच्या आसपास वाढतो आणि नमुना फक्त ३७ अंशांना ठेवला तर हाती काहीच लागत नाही.