रस्स्याची पिशवी, बीपीए आणि पोट: खुलासा

‘पिशवीतून गरम तांबडा रस्सा आणला की बीपीएमुळे महिन्यात पोट सुटतं, तांब्यातलं पाणी प्या, निघून जाईल’ असा मेसेज कोल्हापुरातल्या ग्रुपवर फिरतोय. बीपीए (बिस्फेनॉल-ए) हे कडक प्लास्टिक बनवायला वापरतात ते रसायन. पातळ पिशव्या पॉलिथिनच्या. त्या बीपीएपासून बनत नाहीत. बीपीए मुख्यतः पॉलिकार्बोनेट या कडक प्लास्टिकच्या बाटल्यांत आणि टिनबंद डब्यांच्या आतल्या थरात. पोटात गेलेलं बीपीए शरीर साधारण दिवसभरात लघवीवाटे टाकतं, तांब्या असो वा नसो.

काही रसायनं चरबी वाढवू शकतात, हा मूळ विषय मात्र खरा आहे. अमेरिकी शास्त्रज्ञ ब्रूस ब्लमबर्ग यांच्या गटाने २००६ मध्ये दाखवलं, की गाभण उंदरांना ट्रायब्युटिलटिन (कथिलाचं एक संयुग) दिलं तर पिल्लांत चरबी वाढते. हे रसायन पेशीतला पीपीएआर-गॅमा नावाचा रिसेप्टर (संदेश झेलणारं प्रथिन) जागा करतं आणि कच्च्या पेशी चरबीच्या पेशी बनतात. माणसांत अशा रसायनांचा आणि लठ्ठपणाचा अजून नुसता संबंध दिसलाय, कारण म्हणून सिद्ध झालेलं नाही. महिन्याचा हिशेब कुठेही नाही. रस्स्याला स्टीलचा डबा न्याच (पिशवी फुटते तो वैताग वेगळा), पण हा मेसेज पुढे पाठवू नका.